बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तबला अंगावर येतो, गाणं मागे राहतं: काय तपासायचं, काय हलवायचं

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं, मधे गवई, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरा. समोर स्टँडवर छोटा स्टिरिओ रेकॉर्डर. माइक-स्पीकरची भानगड नाही. बैठक रंगते, मंडळी खूश होऊन जातात. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावला की डाव्या कानात तबला तडतडतोय, उजव्या कानाला पेटी चिकटलीय, गाणं मागच्या खोलीत चाललंय आणि तानपुरा होता की नव्हता तेच कळत नाही. मग पुढच्या वेळी नवा रेकॉर्डर येतो, आणि फाइल पुन्हा तशीच.

यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. दोन माइकच्या जोडीने रेकॉर्ड केलं की तबल्याचा ट्रॅक वेगळा, गळ्याचा वेगळा असं काही हातात राहत नाही. जे मिक्सिंग व्हायचं ते कोण कुठे बसलं आणि माइक कुठे उभा राहिला यात होऊन गेलेलं असतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानच्या तबकड्या निघाल्या तेव्हा माइक नव्हताच, समोर भोंगा होता. रेकॉर्डिंगमध्ये विजेचा माइक आला १९२५ च्या सुमारास. तोवर बॅलन्स करायचा म्हणजे गाणाऱ्याला भोंग्याशी ओढायचं आणि साथीदारांना मागे सारायचं. जोडी-माइकवर काम करणारा माणूस आजही तेच करतो, फक्त भोंग्याच्या जागी रेकॉर्डर आहे.

आधी फाइल नीट ऐका

तबला सुरू व्हायच्या आधीचा आलाप पहिल्यांदा ऐका. तिथे गळा आणि तानपुरा, पेटी असलीच तर हळू. तिथेसुद्धा आवाज लांबून, घुमून येत असेल तर तुमचं भांडण तबल्याशी नाहीच. माइक गवयापासून लांब आहे आणि गाण्यापेक्षा खोली जास्त रेकॉर्ड झालीय. आलापात गळा जवळचा वाटतो आणि ठेका सुरू झाला की बुडतो, असं असेल तर मात्र गोष्ट खरोखर तोलाची आहे.

मग तीच फाइल मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐका. मोनोमध्ये सगळं ठीक आणि हेडफोनवरच तबला कोपऱ्यात जाऊन टोचतो, तर दोष माइकच्या कोनाचा. मोनोमध्येही तबला तेवढाच डोक्यावर बसत असेल तर दोष अंतराचा. आणि मोनो केल्यावर गळा पोकळ, नळीतून आल्यासारखा झाला, तर दोन माइक एकमेकांपासून लांब ठेवले गेलेत आणि एकच आवाज दोघांकडे वेगवेगळ्या वेळी पोचतोय. बैठकीला न आलेली निम्मी मंडळी फोनच्या स्पीकरवर ऐकणार आहेत, त्यामुळे मोनोची परीक्षा टाळून चालत नाही.

हेडफोन उलटा घालून बघायलाही विसरू नका. तबला या कानातून त्या कानात गेला पाहिजे. जोर त्याच कानात राहिला तर दोष फाइलचा नाही, हेडफोनचाही नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जा.

शेवटचं म्हणजे ठेक्यातल्या रिकाम्या जागांत तानपुरा ऐका. विलंबित एकताल यासाठी उत्तम, दोन बोलांच्या मधे भरपूर जागा असते. समेवर जोरात ‘धिं’ पडला की तानपुरा दबतो आणि मग सावकाश फुगत वर येतो, असं होत असेल तर रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल चालू राहिलंय. ते यंत्र तबल्याच्या प्रत्येक आघाताला सगळाच आवाज खाली ओढतं, गळ्यासकट. मग गवई मागे गेल्यासारखा वाटणारच. हे एक बटण बंद करून अर्ध्या तक्रारी मिटलेल्या बघितल्या आहेत.

खोलीत बसून ऐकताना हे का कळत नाही, असं नेहमी विचारतात. खोलीत आपण डोळ्यांनीही ऐकत असतो. गवयाचं तोंड हलतं, हात वर जातो, आणि कान तिकडेच लागतो. तबला कितीही वाजला तरी मन त्याला थोडं बाजूला सारतं. माइकला मन नाही. म्हणून रेकॉर्डर कुठे ठेवायचा हे नुसत्या कानाने ठरवू नका. हेडफोन लावा, डोळे मिटा आणि मग ठरवा.

दोन फूट इकडे, दोन फूट तिकडे

आता मुख्य भाग. नेहमीची बसण्याची पद्धत घ्या: तबला गवयापासून ३ फूट बाजूला आणि फूटभर पुढे, कारण तबलजींना गवयाचं तोंड दिसायला हवं. रेकॉर्डर समोर ६ फुटांवर, पहिल्या रांगेच्या डोक्यांपुढे. माइकपासून गवई ६ फूट. माइकपासून तबला? मोजून बघा, ५.८ फूट. म्हणजे तबला गवयापेक्षा माइकला जवळ! एक तर वाद्य जात्याच आघाताचं, वर त्याला पुढची खुर्ची दिलेली.

आता माइक २ फुटांवर आणा. गवई २ फूट, तबला ३.१६ फूट. या फरकाने गळ्याला तबल्यावर ४ डेसिबलची आघाडी मिळते. तबला फूटभर मागे घेऊन गवयाच्या ओळीत आणला तर आघाडी ५ डेसिबल. आणखी फूटभर मागे, म्हणजे गवयाच्या किंचित पाठीशी गेला तर साडेसहा. एक पैसा खर्च न करता, एक बटण न दाबता.

पण २ फुटांवर माइक ठेवण्यात दोन अडचणी आहेत. एक, गवई हलतात. २ फुटांवरच्या माइकपासून कुणी अर्धा फूट मागे रेलला तर २ डेसिबल जातात. ६ फुटांवर तेवढंच रेललं तर पाऊण डेसिबलही जात नाही. ताना घेताना झुलणारे, हाताने सुरांचा आलेख काढणारे बुवा असतील तर ३ फूट बरं. तबला ओळीत आणि माइक ३ फुटांवर, तर आघाडी ३ डेसिबल उरते. माझ्या मते घरगुती बैठकीसाठी हाच सौदा बरोबर. दुसरी अडचण शिष्टाचाराची. गवयाच्या तोंडासमोर काठी उभी केली तर समोरच्यांना बुवा दिसत नाहीत आणि बुवांना दाद दिसत नाही. माइक तोंडाच्या उंचीवर न ठेवता छातीच्या उंचीवर ठेवा आणि हनुवटीकडे रोखा. नजरेच्या खाली राहतो, फुंकरही बसत नाही.

उंच ठेवायचा मोह टाळा. मोठ्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग करणारे माइक उंच टांगतात ते बघून घरातही कुणीतरी सहा फुटांवर स्टँड चढवतो. तबल्याची पुडी वर तोंड करून असते; चाटेचा, म्हणजे काठावरच्या आघाताचा, सगळा तडाखा वर जातो. वर माइक ठेवला की ‘ना’ आणि ‘ता’ झेलायलाच तो तिथे उभा.

तबला मागे घ्यायचं बोलणं मात्र सुरात करावं लागतं. “दादा, फूटभर मागे घेता का, बुवांच्या ओळीत?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “मागे गेलो की बुवांचं तोंड दिसत नाही. समेला बघू कुणाकडे?” बरोबरच आहे त्यांचं. यावर तोडगा म्हणजे तबल्याची गादी मागे घेऊन तिरकी करायची आणि बुवांनाही किंचित तबल्याकडे वळून बसायला सांगायचं. दोघांची नजरानजर झाली की मग कुणी कुरकुरत नाही. हे सगळं वाद्यं लावायच्या आधी करा. तबला सुरात मिळवून झाल्यावर चुंबळीसकट उचला म्हणणाऱ्याला पुन्हा कुणी बोलावत नाही.

तबला खोलीच्या कोपऱ्यात तर नाही ना, हेही बघा. दोन भिंती आणि जमीन मिळून डग्ग्याला असं फुगवतात की घुमारा वाढतो आणि बोल कळत नाहीत. कोपऱ्यापासून तीन-चार फूट बाहेर काढला की डग्गा ताळ्यावर येतो.

आणि खोली. बारा बाय पंधराचा दिवाणखाना, व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं सीलिंग, एका बाजूला काचेच्या खिडक्या: अशा खोलीत अडीच-तीन फुटांच्या पलीकडे गेलं की साध्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकला थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परत आलेला आवाज जास्त मिळायला लागतो. सगळीकडून ऐकणाऱ्या ऑम्नी माइकला तर ही हद्द दीड फुटावरच लागते. म्हणून ऑम्नी माइकचा रेकॉर्डर असेल, उदाहरणार्थ टॅसकॅमचा डीआर-०५, तर तो आणखी जवळ हवा. सतरंजी, गाद्या, जाड पडदे ओढलेले, आणि माणसं. श्रोते हे सगळ्यात उत्तम शोषक, हे लक्षात ठेवून रिकाम्या खोलीतल्या चाचणीवर फार विसंबू नका. न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये गालिचा असतो, तिथे उलटं होतं: वरचे सूर मऊ पडतात आणि जिप्सम बोर्डच्या भिंती डग्ग्याबरोबर गुणगुणतात. तिथे माइक जवळ नेण्याला पर्याय नाही.

कोन: रुंद म्हणजे चांगलं नव्हे

स्टिरिओ जोडीची कल्पना अॅलन ब्लूमलाइनच्या १९३१ च्या पेटंटपासून चालत आली आहे, पण घरगुती रेकॉर्डरवर जे दिसतं ते बहुतेक एक्स-वाय: दोन कार्डिऑइड एकमेकांवर, ९० अंशांत. झूमच्या एच१एनवर तेच आहे. ही मांडणी समोरचा साधारण १८० अंशांचा पट्टा दोन स्पीकरच्या मधे बसवते. तुमचा माइक ३ फुटांवर असताना ओळीतला तबला ४५ अंशांवर येतो, म्हणजे अर्ध्या वाटेवर डावीकडे. छान बसतो. माइक २ फुटांवर आणि तबला फूटभर पुढेच राहिला तर तो ७० अंशांच्या पलीकडे जातो आणि मग हेडफोनवर कानाशी वाजल्यासारखा वाटतो. तबला ओळीत आणायचं हे दुसरं कारण.

काही रेकॉर्डरवर माइक फिरवून ९० चे १२० अंश करता येतात, झूमचा एच४एन त्यातला. ‘जास्त स्टिरिओ’ म्हणून लोक १२० वर ठेवतात. त्यात दोन्ही माइकची तोंडं तबला आणि पेटीकडे वळतात, आणि मधे बसलेला गवई दोघांच्या खांद्यावरून ऐकू येतो. हिशेब केला तर गळ्याचं साथीपुढे अर्धा ते एक डेसिबल जातं. बैठकीला ९०.

ओआरटीएफ, म्हणजे फ्रेंच रेडिओवाल्यांची मांडणी, १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंश, ऐकायला फार सुंदर. पण तिचा पट्टा ९५ अंशांच्या आसपास, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ४८. तीन फुटांवरून तबला आणि पेटी त्या पट्ट्याच्या काठावर जातात आणि थेट स्पीकरमधून वाजतात. लांब बसून, चांगल्या सभागृहात, सतार-तबल्याच्या जुगलबंदीला ती घ्या. चौघांच्या घरगुती बैठकीला नको.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: रेकॉर्डर उलटा टांगला की डावं-उजवं बदलतं. सुरुवातीला श्रोत्यांच्या डावीकडून एकाने टाळी वाजवून “डावीकडे” म्हणायचं. नंतरचा वाद वाचतो.

पेटी, तानपुरा, स्वरमंडळ

पेटीचा इलाज सोपा आहे आणि तो पेटीवाल्यांच्या हातात आहे. खर्ज-नर अशी दोन सुरांची पेटी असेल तर एकच सूर उघडा ठेवायला सांगा, वरचं झाकण लावून वाजवायला सांगा. एवढ्याने ऐकणाऱ्याला साथ कमी वाटत नाही, पण माइकमधली धार जाते. झाकण नसेल तर जाळीवर सुती पंचा. पेटीची मागची बाजू, भात्याची, सरळ माइककडे नको, जरा तिरकी. बस.

तानपुऱ्याचं जास्त वाईट वाटतं, कारण तो हरवला तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि तरी गाणं उघडं पडतं. तानपुरा गवयाच्या पाठीशी बसवला की गवयाचं अंगच मधे येतं, त्यात माइकपासून तो पाच-सहा फूट लांब. शिवाय तानपुऱ्याचा आवाज भोपळ्याच्या मागून नाही, तबलीतून, म्हणजे घोडी जिथे बसते त्या पुढच्या फळीतून बाहेर पडतो. ती फळी भिंतीकडे असेल तर जवारी कितीही सुंदर काढलेली असो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त घूं येतं. तानपुरेवाल्याला गवयाच्या मागून काढून खांद्यामागे तिरकं बसवा, इतकं पुढे की माइकला तबली दिसेल. दोन तानपुरे असतील तर दोन्ही खांद्यांमागे एकेक. मिरजेचा जुना तानपुरा घरात असून इलेक्ट्रॉनिक डबा लावणाऱ्यांबद्दल माझी मतं इथे लिहीत नाही. डबाच लावायचा असेल तर तो गवयाच्या बरोबर मागे, मधल्या रेषेवर ठेवा. बाजूला ठेवला तर एका कानात यंत्र गुणगुणत बसतं.

स्वरमंडळ घेऊन गाणारे असतील तर छातीच्या उंचीवरचा माइक स्वरमंडळ फार जवळून ऐकतो. अशा वेळी माइक हनुवटीपर्यंत वर घ्या आणि ३ फुटांच्या आत नेऊ नका.

रेकॉर्डर गादीवर, चौरंगावर किंवा बुटक्या तिवईवर ठेवला तर डग्ग्याची धमक आणि बुवांच्या मांडीवरच्या टाळीचा ठोका जमिनीतून सरळ माइकमध्ये चढतो. स्टँड गादीच्या बाहेर, जमिनीवर, आडव्या दांडीचा. पंखा डोक्यावर असेल तर फोमची टोपी. फ्रीज बंद करा आणि कारच्या किल्ल्या फ्रीजवर ठेवा, म्हणजे जाताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते.

लेव्हल द्रुतवर लावा

बहुतेक जण लेव्हल लावतात तेव्हा बुवा ‘सा’ लावत असतात आणि तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत असतात. त्या आवाजावर गेन, म्हणजे रेकॉर्डरने आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरवला की तराण्याला फाटतो. चाचणीला दोघांनाही विनंती करा: अर्धा मिनिट द्रुत, नेहमीच्या जोराने. त्यात सगळ्यात उंच टोक उणे १२ डेसिबलवर (शून्य म्हणजे फाटण्याची हद्द) आलं की गेनला हात लावू नका. खऱ्या द्रुतला ते उणे ६ पर्यंत जाईल, जाऊ दे. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आलाप हळू आला म्हणून बिघडत नाही, नंतर वर घेता येतो. फाटलेला ‘धा’ मात्र शिवता येत नाही. ऑटो लेव्हल बंद, लिमिटर बंद, एमपी३ नको, वेव्ह.

‘लो कट’ नावाचं, खालचे सूर कापणारं बटण पंख्यासाठी म्हणून सगळे दाबतात. काळी एकला, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीवर षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुष गवयाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते आणि डग्गा ७० ते १०० मध्ये घसीट घेतो. लो कट ८० ला लावलं की दोन्हींच्या मुळावर घाव. पंखा बंद करणं स्वस्त.

झालेलं रेकॉर्डिंग हातात आहे, आता काय?

इथे अपेक्षा आधीच खाली आणा. तुमच्यापर्यंत पोचलेले तीन सल्ले हिशेबाला लावून बघू.

पहिला: डावा चॅनल कमी करा. तबला ४५ अंशांवर, एक्स-वाय जोडी, डावा ३ डेसिबलने उतरवला. तबला साधारण सव्वादोन डेसिबलने उतरतो, पण मधे बसलेला गळाही सव्वा डेसिबलने उतरतो आणि उजवीकडे सरकतो. नफा १ डेसिबल, शिवाय पेटी डोक्यावर.

दुसरा, जरा अभ्यासू: मिड-साइड करा, साइड उतरवा. डाव्या-उजव्याची बेरीज म्हणजे मिड, वजाबाकी म्हणजे साइड. तबला बाजूला आहे म्हणून साइड मारली की तबला मरेल, असा तर्क. पण ४५ अंशांवरचा तबला बहुतेक मिडमध्येच असतो. साइड पूर्ण शून्य केली, म्हणजे सरळ मोनोच केलं, तरी गळ्याच्या तुलनेत तबला अर्धा डेसिबलसुद्धा उतरत नाही. ७० अंशांवर असला तर एखादा डेसिबल. कोपऱ्यात टोचणारा तबला आत आणायला साइड थोडी कमी करणं उपयोगी आहे. ऑडॅसिटी या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन्ही पॅन १०० ऐवजी ७० वर आणले तरी तेच काम होतं. पण तोल म्हणाल तर जवळजवळ जिथल्या तिथे. खोलीत फूटभर सरकवलेली गादी याच्याहून जास्त देते.

तिसरा: इक्वलायझरने तबल्याचा सूर काढा. यात मूळ गोमच आहे. तबला गवयाच्याच षड्जात मिळवलेला असतो. काळी एकला तो सूर २७७ हर्ट्झ. तिथे बारीक खाच मारली की बुवांचा तारषड्ज पोकळ होतो. वरचे स्वरांश कापू म्हणाल, तर तेही तिथेच भेटतात. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ सुराच्या पूर्ण पटीत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, गळ्याचे उपस्वरही पूर्ण पटीतच असतात. दोघं एकाच खणात राहतात. तबल्याला हात लावला की गळ्याला लागणार.

डग्ग्याचं मात्र जमतं, विशेषतः गायिका असेल तर. काळी चारला गाणाऱ्या बाईंचा मंद्र पंचम १५५ हर्ट्झवर. त्याच्या खाली गळा फारसा जात नाही. १२० च्या खालचा भाग ३-४ डेसिबलने उतरवा. डग्ग्याचा घुमारा बसतो, बोल राहतात, गळ्याला धक्का नाही. तानपुऱ्याचा खर्ज थोडा जातो, तेवढं सोसायचं. पुरुष गवयाला हीच मर्यादा १०० च्या खाली आणावी लागते, कारण काळी एकचा मंद्र पंचम १०४ वर आहे.

चाटेसाठी कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचा आवाज आपोआप दाबणारं साधन, सगळ्या फाइलवर लावू नका. ऑटो लेव्हलने जे केलं तेच तुम्ही पुन्हा कराल आणि तानपुरा श्वास घ्यायला लागेल. त्याऐवजी व्हॉल्यूमची रेघ हाताने ओढा. द्रुत सुरू होताना एकूण आवाज दीड-दोन डेसिबल खाली, तबल्याच्या जोरकस तिहायांवर आणखी एक, आलापाला वर. हे कंटाळवाणं आहे, तासाच्या फाइलला संध्याकाळ जाते, आणि यानेच सगळ्यात नैसर्गिक निकाल येतो. रिपरमध्ये किंवा ऑडॅसिटीच्या एन्व्हलपने, कशानेही.

हल्ली विचारतात ते डेमक्ससारख्या आवाज वेगळे करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. ते मुख्यतः पाश्चात्त्य पॉप गाण्यांवर शिकलेले आहेत: गळा, ड्रम, बास आणि इतर, असे चार ढीग. तबला दिला की चाट ड्रममध्ये जाते, डग्ग्याची घसीट कधी बासमध्ये, कधी अर्धी इकडे अर्धी तिकडे, आणि तानपुऱ्याचे तुकडे सगळीकडे. चारही ढीग वेगवेगळ्या प्रमाणात परत मिसळले तर तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा बुडबुडतो. पण एक युक्ती चालते. मूळ फाइल आहे तशी ठेवा, वेगळा काढलेला फक्त गळा उणे ८ डेसिबलवर तिच्याखाली घाला, एकाच क्षणी सुरू होईल असा. गळा जवळजवळ ३ डेसिबल वर येतो आणि तोडफोड मूळ आवाजाखाली झाकली जाते. याहून जास्त घातलं की ताना खरखरीत होतात. आकारातल्या वेगवान ताना तपासून मगच पुढे जा.

सगळं झाल्यावर आवाज ओरबाडून मोठा करू नका. यूट्यूब जोराची फाइल खाली आणतंच, साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे फाइलच्या एकूण मोठेपणाचं माप). मग आलाप-द्रुतमधला फरक चिरडून काय मिळवलंत?

सभागृहात स्पीकर असतील तर

तिथे गणित वेगळं. मिक्सरवरून घेतलेली लाइन म्हणजे सभागृहाला जे कमी पडत होतं त्याची यादी: गळा भरपूर, तानपुरा बरा, तबला बेताचाच, कारण तो तसाही ऐकू जातो. नुसती ती लाइन ऐकली तर उलटी तक्रार येते, गाणं कोरडं आणि तबला गायब. म्हणून साउंडवाल्यांकडून लाइन घ्या आणि आपला रेकॉर्डर सभागृहात वेगळा लावा. नंतर लाइन मुख्य धरून त्यात सभागृह थोडं मिसळा. रेकॉर्डर मंचापासून १० मीटरवर असेल तर त्याचा आवाज २९ मिलिसेकंद उशिरा पोचलेला असतो. तो तेवढा आधी सुरू होईल असा सरकवल्याशिवाय मिसळला तर तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा पडतो. सुरुवातीला मंचावरच्या माइकसमोर एक कडक टाळी घेतली की जुळवायला खूण मिळते. दोन यंत्रांची घड्याळं अगदी एक चालत नाहीत, सुरुवातीला जुळलेलं भैरवीपर्यंत सुटतं. तेव्हा प्रत्येक रागानंतरच्या टाळ्यांत फाइल कापा आणि पुढच्या रागाला पुन्हा जुळवून घ्या.